पूर्वपात्रता, फुटबॉलमधील लहान राष्ट्रांची

आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेच्या मुख्य पात्रता-सामन्यांत प्रवेश मिळण्यापूर्वी तुलनेने दुर्बळ गणल्या गेलेल्या राष्ट्रीय संघांना आपापसांत खेळावी लागणारी प्राथमिक फेरी. विश्वचषकासारख्या स्पर्धेच्या अंतिम टप्प्यासाठी पात्र ठरण्याकरिता सर्वच संघांना पात्रता-सामने खेळावे लागतात; परंतु त्या सामन्यांसाठीही आधी पात्र ठरावे लागणे, ही पूर्वपात्रतेची विशेष अट होय. आशिया, ओशिअ‍ॅनिया आणि उत्तर व मध्य अमेरिका–कॅरिबियन या विभागांत ही पद्धत कमीअधिक प्रमाणात रूढ झाली. यूरोपने मात्र २०२६ च्या विश्वचषकाच्या पात्रता-सामन्यांपर्यंत ती स्वीकारली नाही. लहान राष्ट्रांवर अशी अट घालावी की नाही, हा वाद वरकरणी सामन्यांच्या वेळापत्रकाचा वाटतो. वस्तुतः तो प्रत्येक राष्ट्राला समान सभासद मानणारी संघटना आणि गुणवत्तेची उतरंड मानणारी स्पर्धा यांच्यातील विसंगतीचा वाद आहे.

‘लहान राष्ट्र’ ही संज्ञा येथे फसवी ठरते. १९३० मध्ये पहिला विश्वचषक जिंकणाऱ्या यूरग्वायची लोकसंख्या त्या वेळी वीस लाखांहून कमी होती. उलट, जगातील सर्वाधिक लोकसंख्येच्या देशांपैकी भारत व पाकिस्तान यांना आशियाच्या प्राथमिक फेरीत खेळावे लागले आहे. पूर्वपात्रतेचा निकष लोकसंख्येचा किंवा क्षेत्रफळाचा नसून खेळातील क्रमवारीचा असतो, आणि ही क्रमवारी आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाने (फिफा) डिसेंबर १९९२ पासून प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. तथापि फार लहान लोकसंख्येच्या देशांत खेळाडूंची निवड करण्यास मुळातच वाव थोडा असल्याने हे दोन्ही अर्थ अनेकदा एकत्र येतात.

प्रारंभीचा काळ : १९०४ साली पॅरिस येथे सात यूरोपीय राष्ट्रांच्या पुढाकाराने फिफाची स्थापना झाली. १९३० च्या यूरग्वायमधील पहिल्या विश्वचषकासाठी पात्रता-सामने झालेच नाहीत. निमंत्रणावरून तेरा संघ आले व त्यांत यूरोपचे केवळ चार होते. १९३४ च्या इटलीतील स्पर्धेसाठी मात्र सोळा जागांकरिता बत्तीस देशांनी नावे नोंदविली, त्यामुळे पात्रता-सामने अपरिहार्य झाले. यजमान इटलीलाही ग्रीसशी सामना खेळूनच प्रवेश मिळवावा लागला. याच वेळी लहान राष्ट्राचा प्रश्न प्रथम दिसून आला. जर्मनी, फ्रान्स व लक्सेंबर्ग यांच्या गटातून दोन संघ निवडावयाचे होते. जर्मनीने लक्सेंबर्गला ९–१ व फ्रान्सने ६–१ असे हरविले. दोघांचीही पात्रता निश्चित झाल्याने जर्मनी व फ्रान्स यांच्यातील सामना खेळविण्याचे कारणच उरले नाही. लक्सेंबर्गचा सहभाग अशा रीतीने केवळ औपचारिक ठरला. तरीही त्या देशाने पुढील प्रत्येक विश्वचषकाच्या पात्रता-सामन्यांसाठी आपले नाव नोंदविले.

यूरोपीय राष्ट्रांच्या अजिंक्यपद स्पर्धेत पहिली प्राथमिक फेरी खेळली गेली ती गुणवत्तेच्या नव्हे, तर अंकगणिताच्या गरजेपोटी. १९६० च्या स्पर्धेसाठी सतरा संघ आल्याने एक संघ कमी करणे भाग होते. १९५९ मध्ये आयर्लंड व चेकोस्लोव्हाकिया यांच्यात दोन सामने झाले. पहिला आयर्लंडने २–० व दुसरा चेकोस्लोव्हाकियाने ४–० असा जिंकला. या फेरीतून पुढे गेलेल्या चेकोस्लोव्हाकियाने अंतिम टप्प्यात तिसरा क्रमांक मिळविला. प्राथमिक फेरी म्हणजे दुर्बलतेचा शिक्का नव्हे, हे या पहिल्याच उदाहरणावरून स्पष्ट होते.

खंडांमधील विषमता : एखाद्या समूहावर इतरांपेक्षा एक परीक्षा अधिक लादण्याच्या धोरणाला सर्वांत तीव्र विरोध आफ्रिकेतून झाला. १९६६ च्या विश्वचषकातील सोळा जागांपैकी आफ्रिका, आशिया व ओशिअ‍ॅनिया या सर्वांसाठी मिळून एकच जागा ठेवण्यात आली होती. आफ्रिकेच्या विजेत्याला आणखी एक आंतरखंडीय सामना जिंकल्यावाचून प्रवेश मिळणार नव्हता. घानाचे ओहेने जान व इथिओपियाचे टेसेमा यांच्या पुढाकाराने आफ्रिकी संघांनी पात्रता-सामन्यांवर बहिष्कार टाकला. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांच्या दृष्टीने हा केवळ खेळाचा प्रश्न नव्हता. आंतरराष्ट्रीय संस्थेत बरोबरीची वागणूक मिळण्याचा तो प्रश्न होता. उरलेली एकमेव जागा ऑस्ट्रेलियाला दोनदा हरवून उत्तर कोरियाने मिळविली आणि १९ जुलै १९६६ रोजी इंग्लंडमधील मिडल्झबरो येथे इटलीचा १–० असा पराभव करून उपांत्यपूर्व फेरी गाठली. बहिष्काराचा परिणाम असा झाला, की १९७० च्या स्पर्धेत आफ्रिकेला एक स्वतंत्र जागा मिळाली व मोरोक्कोने ती भूषविली. पुढे अंतिम स्पर्धेतील संघांची संख्या १९८२ मध्ये चोवीस, १९९८ मध्ये बत्तीस अशी वाढत गेली आणि २०२६ च्या स्पर्धेसाठी ती अठ्ठेचाळीस ठरविण्यात आली. या विस्तारामागे आफ्रिका व आशिया यांच्या मतांचे बळ होते; कारण फिफामध्ये प्रत्येक सभासद-संघटनेला एकच मत असते, मग ती ब्राझीलची असो वा सान मारीनोची.

यूरोपातील खुले प्रवेशद्वार : यूरोपीय महासंघाने (यूएफा) सर्व सभासदांना मुख्य पात्रता-गटांत थेट प्रवेश देण्याचे धोरण ठेवले. या धोरणाचे समर्थन करणारी उदाहरणे अनेक आहेत. ८ ऑक्टोबर १९६१ रोजी लक्सेंबर्गने पोर्तुगालचा ४–२ असा पराभव केला. पोर्तुगालचा विख्यात खेळाडू यूझेबिओ याचा तो पहिला आंतरराष्ट्रीय सामना होता. १९६३ मध्ये लक्सेंबर्गने नेदर्लंड्सला स्पर्धेबाहेर काढून यूरोपीय स्पर्धेची उपांत्यपूर्व फेरी गाठली. फेअरो बेटांची कथा त्याहून विलक्षण आहे. पन्नास हजारांहून कमी लोकवस्तीच्या या बेटांवर आंतरराष्ट्रीय सामन्यास योग्य असे हिरवळीचे मैदानही नव्हते. म्हणून १२ सप्टेंबर १९९० रोजी आपला पहिला स्पर्धात्मक सामना त्यांना स्वीडनमधील लांड्सक्रूना येथे खेळावा लागला. त्या सामन्यात त्यांनी, नुकताच विश्वचषकात खेळून आलेल्या ऑस्ट्रियाला १–० असे हरविले. पूर्वपात्रता असती, तर हा सामना झालाच नसता. याच बेटांनी २०१४ व २०१५ मध्ये ग्रीसला दोनदा नमविले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये चेक प्रजासत्ताकावर २–१ असा विजय मिळविला.

याची दुसरी बाजूही तितकीच ठळक आहे. सु. ३४,००० लोकवस्तीच्या सान मारीनोने १९९० मध्ये स्पर्धात्मक फुटबॉलमध्ये पदार्पण केले. १७ नोव्हेंबर १९९३ रोजी या संघाच्या दाव्हिदे ग्वाल्तिएरी याने इंग्लंडविरुद्ध सामना सुरू झाल्यावर नऊ सेकंदांच्या आत गोल केला. परंतु तो सामना इंग्लंडने ७–१ असा जिंकला. २००६ मध्ये जर्मनीने सान मारीनोवर १३–० असा विजय मिळविला. २०१६ मध्ये जर्मनीने पुन्हा ८–० असा विजय मिळविल्यावर जर्मन खेळाडू टोमास म्यूलर याने अशा सामन्यांचा व्यावसायिक फुटबॉलशी काही संबंध नसल्याचे मत व्यक्त केले. सान मारीनोतून त्यावर तीव्र प्रतिक्रिया उमटली. सामन्यांचा वाढता भार, दुखापतींचा धोका आणि एकतर्फी सामन्यांमुळे प्रेक्षकांचा होणारा विरस हे मोठ्या राष्ट्रांचे आक्षेप निराधार म्हणता येत नाहीत.

अधिक गंभीर आक्षेप न्याय्यतेचा आहे. १९८४ च्या यूरोपीय स्पर्धेच्या पात्रता-गटात स्पेन व नेदर्लंड्स यांच्यात चुरस होती. अखेरच्या सामन्यात माल्टाविरुद्ध किमान अकरा गोलांच्या फरकाने जिंकणे स्पेनला आवश्यक होते. २१ डिसेंबर १९८३ रोजी सेव्हिल येथे मध्यंतराला गुणसंख्या केवळ ३–१ होती. उत्तरार्धात स्पेनने नऊ गोल करून सामना १२–१ असा जिंकला. दोन्ही देशांचे गुण व गोलांमधील फरक समान झाला आणि अधिक गोल केल्यामुळे स्पेन पात्र ठरले. याच माल्टाने सात महिन्यांपूर्वी आपल्या मैदानावर स्पेनशी ३–२ इतकी निकराची झुंज दिली होती. दोन बलाढ्य संघांतील निवाडा त्यांच्या परस्परांतील खेळावर न होता तिसऱ्या, आधीच बाद झालेल्या संघाच्या दमछाकीवर व्हावा, हे पद्धतीचे वैगुण्य होते. पुढे २०१०, २०१४ व २०१८ च्या विश्वचषकांच्या यूरोपीय पात्रता-सामन्यांत, गटांतील द्वितीय क्रमांकाच्या संघांची तुलना करताना तळाच्या संघाविरुद्धचे निकाल वगळण्यात आले. गटांतील संघसंख्या सारखी नसल्याने ही तडजोड आवश्यक झाली. परंतु तिचा अर्थ असाही होता, की दुर्बळ संघाला खेळू द्यावयाचे, मात्र त्याच्याशी झालेला खेळ हिशेबात धरावयाचा नाही.

ओशिअ‍ॅनियाचा अनुभव : ११ एप्रिल २००१ रोजी ऑस्ट्रेलियातील कॉफ्स हार्बर येथे ऑस्ट्रेलियाने अमेरिकन सामोआचा ३१–० असा पराभव केला. त्यात आर्ची टॉम्प्सन या एकाच खेळाडूचे तेरा गोल होते. दोनच दिवसांपूर्वी ऑस्ट्रेलियाने टाँगावर २२–० असा विजय मिळविला होता. पारपत्राच्या नियमांमुळे अमेरिकन सामोआचे बहुतेक नेहमीचे खेळाडू अपात्र ठरले होते व किशोरवयीन मुलांना मैदानात उतरवावे लागले होते. ऑस्ट्रेलियाचे प्रशिक्षक फ्रँक फरीना यांनीच अशा सामन्यांच्या उपयुक्ततेविषयी शंका व्यक्त करून प्राथमिक फेरीचा आग्रह धरला. २००६ च्या विश्वचषकासाठी ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांना पहिल्या फेरीतून सूट देण्यात आली व उरलेले संघ २००४ मध्ये आपापसांत खेळले.

या बदलाचे फळ अनपेक्षित होते. प्राथमिक फेरीतून वर आलेल्या सॉलोमन बेटांनी जून २००४ मध्ये ऑस्ट्रेलियाशी २–२ अशी बरोबरी केली, तर व्हानुआटूने न्यूझीलंडला ४–२ असे हरविले. परिणामी सॉलोमन बेटांनी दुसरे स्थान पटकाविले आणि सूट मिळालेला न्यूझीलंडचा संघ बाद झाला. समबल संघांशी खेळून आलेल्या संघाची अंगभूत तयारी अधिक होते, हे त्यावरून दिसले. अमेरिकन सामोआला मात्र या पहिल्या प्रयोगाचा लाभ झाला नाही. २००४ च्या प्राथमिक फेरीतही फिजीने त्यांचा ११–० व पापुआ न्यू गिनीने १०–० असा पराभव केला. २०११ मध्ये सर्वांत दुर्बळ अशा चारच संघांची वेगळी फेरी सामोआतील आपिआ येथे घेण्यात आली, तेव्हा २२ नोव्हेंबर रोजी अमेरिकन सामोआने टाँगाला २–१ असे नमवून फिफाच्या स्पर्धांतील आपला पहिला विजय मिळविला. त्या दिवशी गोलरक्षक होता निकी सालापू. दहा वर्षांपूर्वी एकतीस गोल स्वीकारणारा गोलरक्षकही तोच होता.

आशिया आणि भारत : १९५० च्या ब्राझीलमधील विश्वचषकासाठी भारत एकही पात्रता-सामना न खेळता पात्र ठरला होता, कारण त्याच्या गटातील इतर देशांनी माघार घेतली होती. पुढे भारतानेही अंतिम स्पर्धेतून नाव काढून घेतले. प्रत्यक्ष पात्रता-सामने खेळण्याचा भारताचा योग १९८५ मध्येच आला. आशियाई महासंघाचा विस्तार होत गेला, तशी संघांतील तफावत उघडी पडली. १९९७ मध्ये इराणने मालदीवचा १७–० व २००० मध्ये ग्वामचा १९–० असा पराभव केला. यावर आशियाने दोन उपाय योजले. पहिला, विकसनशील संघांसाठी २००६ ते २०१४ या काळात घेतलेली ‘एएफसी चॅलेंज चषक’ ही स्वतंत्र स्पर्धा. तिच्या २००८ पासूनच्या विजेत्यांना आशियाई चषकाच्या अंतिम टप्प्यात थेट प्रवेश होता. ऑगस्ट २००८ मध्ये दिल्ली येथील अंतिम सामन्यात भारताने ताजिकिस्तानला ४–१ असे हरविले. सुनील छेत्रीने त्यात तीन गोल केले. या विजयामुळे भारताला २०११ मध्ये दोहा येथे आशियाई चषकात खेळता आले. तेथे ऑस्ट्रेलिया, बहरीन व दक्षिण कोरिया यांच्याकडून भारताचे तीनही सामन्यांत पराभव झाले. पण त्या संघांशी खेळण्याची संधी मिळाली ती या वाटेनेच.

दुसरा उपाय म्हणजे क्रमवारीत तळाशी असलेल्या संघांची पूर्वपात्रता फेरी. २०१८ च्या विश्वचषकासाठी मार्च २०१५ मध्ये बारा संघांची अशी फेरी झाली. भारताने नेपाळवर दोन सामन्यांत मिळून २–० अशी मात केली. फिफाच्या क्रमवारीत २०९ व्या, म्हणजे अगदी अखेरच्या स्थानी असलेल्या भूतानने श्रीलंकेला कोलंबो येथे १–० व थिंफू येथे २–१ असे हरविले. मुख्य गटांत मात्र भूतानने आठही सामने गमाविले व कतारकडून त्याचा १५–० असा पराभव झाला. तथापि मालदीवविरुद्धचा एक सामना त्याने अवघ्या एका गोलाने, ३–४ असा गमाविला. ज्या ग्वामने २००० मध्ये एकोणीस गोल स्वीकारले होते, त्याच सु. १ लाख ६० हजार लोकवस्तीच्या बेटाने जून २०१५ मध्ये भारताला २–१ असे हरविले. अमेरिकेत फुटबॉल शिकलेले ग्वामवंशीय खेळाडू हे त्यामागील एक कारण होते. पाकिस्तानला विश्वचषकाच्या पात्रता-सामन्यांतील पहिला विजय १७ ऑक्टोबर २०२३ रोजी इस्लामाबाद येथे कंबोडियाविरुद्ध (१–०) मिळाला, तोही प्राथमिक फेरीतच.

आशियाच्या पद्धतीतील मोठा दोष पराभूतांच्या वाट्याला आला. २०१८ चा विश्वचषक व २०१९ चा आशियाई चषक यांचे प्रारंभीचे पात्रता-सामने एकत्र केलेले असल्यामुळे २०१५ च्या पूर्वपात्रता फेरीतील सहा पराभूत संघ दोनच सामन्यांनंतर दोन्ही स्पर्धांतून बाहेर पडले. त्यांच्यासाठी २०१६ मध्ये ‘एएफसी सॉलिडॅरिटी चषक’ ही वेगळी स्पर्धा योजावी लागली. सामने नाहीत म्हणून गुण नाहीत, गुण नाहीत म्हणून क्रमवारी वर जात नाही आणि क्रमवारी खाली म्हणून पुन्हा पूर्वपात्रता, असे हे दुष्टचक्र असते.

मध्यम मार्ग : यूरोपीय महासंघाने सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू केलेल्या ‘नेशन्स लीग’ स्पर्धेत सभासद-राष्ट्रांची चार श्रेणींत विभागणी करण्यात आली. तीत गुणांनुसार बढती व पदावनती असते, तसेच काही जागा यूरोपीय अजिंक्यपद व विश्वचषक यांच्या पात्रतेशी जोडलेल्या असतात. विश्वचषकाच्या मुख्य पात्रता-गटांतील सर्वांचा प्रवेश मात्र कायम ठेवण्यात आला. ऑक्टोबर २०१८ मध्ये जिब्राल्टरने आर्मेनियाला त्याच्याच भूमीवर १–० असे हरवून आपला पहिला स्पर्धात्मक विजय नोंदविला. सर्वांत खालच्या श्रेणीतून आलेला उत्तर मॅसिडोनिया नोव्हेंबर २०२० मध्ये जॉर्जियाला हरवून यूरोपीय अजिंक्यपदाच्या अंतिम टप्प्यास पात्र ठरला; त्याच संघाने मार्च २०२१ मध्ये विश्वचषकाच्या पात्रता-सामन्यात जर्मनीवर २–१ अशी मात केली. जॉर्जियाने याच वाटेने २०२४ ची अंतिम स्पर्धा गाठली व तीत पोर्तुगालला २–० असे नमविले. सान मारीनोने ५ सप्टेंबर २०२४ रोजी लिख्टेनश्टाइनवर विजय मिळवून चौतीस वर्षांच्या प्रतीक्षेनंतर स्पर्धात्मक सामना प्रथम जिंकला आणि त्याच वर्षी वरच्या श्रेणीत प्रवेश केला.

मूल्यमापन : वरील इतिहासावरून असे दिसते, की ‘पूर्वपात्रता असावी की नसावी’ ही प्रश्नाची मांडणीच अपुरी आहे. दुर्बळ संघाला समबल प्रतिस्पर्धी मिळणे हे त्याच्या विकासास उपकारक ठरते. सॉलोमन बेटे, अमेरिकन सामोआ व सान मारीनो यांची उदाहरणे याची साक्ष देतात. परंतु केवळ असेच प्रतिस्पर्धी मिळाले व बलाढ्यांशी गाठ पडण्याची वाट बंद झाली, तर फेअरो बेटांच्या १९९० मधील विजयासारखी घटना असंभव होते आणि आपले मोजमाप करण्याची संधीही नाहीशी होते. म्हणून प्राथमिक फेरीतील पराभवानंतरही पुरेसे स्पर्धात्मक सामने उपलब्ध असणे, विजयानंतर वरची वाट प्रत्यक्षात खुली असणे आणि क्रमवारी ठरविताना वगळलेल्यांना सामन्यांच्या अभावाची शिक्षा न होणे, या तीन अटी पाळल्या गेल्या, तरच पूर्वपात्रता न्याय्य ठरू शकते. या अटींवाचून ती मोठ्या राष्ट्रांच्या सोयीसाठी उभारलेले कुंपण ठरते.

लहान राष्ट्रांच्या मर्यादा कायमच्या असतात, हे गृहीतही टिकलेले नाही. सु. साडेतीन लाख लोकवस्तीच्या आइसलँडने २०१६ मध्ये यूरोपीय स्पर्धेत इंग्लंडला २–१ असे हरविले व २०१८ चा विश्वचषक गाठला. नोव्हेंबर २०२५ मध्ये सु. दीड लाख लोकवस्तीचे क्युरासाव हे कॅरिबियन बेट २०२६ च्या विश्वचषकास पात्र ठरले. त्यापूर्वी इतक्या कमी लोकसंख्येचा कोणताही देश या स्पर्धेस पात्र ठरला नव्हता. जागांची वाढलेली संख्या व नेदर्लंड्समध्ये घडलेले खेळाडू यांचा या यशात मोठा वाटा आहे. मात्र किंग्स्टन येथील निर्णायक सामन्यात जमेकाला गोल करू न देता ०–० अशी बरोबरी साधावी लागली, ती मैदानावरच. लहान राष्ट्रांची मागणीही एवढीच असते : निकाल आधी गृहीत न धरता तो मैदानावर लागू द्यावा.